‘सिंगर’ स्टेशन आणि आमच्या घरातल्या जुन्या वस्तू

ग्लासगोच्या पश्चिमेला क्लाइडबँक नावाचं गाव आहे. तिथे लोकलच्या एका स्टेशनाचं नाव आहे ‘सिंगर’. हो, शिलाई मशीनवालं सिंगर. १८८० च्या दशकात त्या कंपनीने इथे किलबोवी भागात कारखाना बांधला आणि पुढे तो जगातला सर्वांत मोठा शिलाई मशीनचा कारखाना झाला. पहिल्या महायुद्धाच्या आधी तिथून वर्षाला दहा लाखांहून जास्त मशीनं बाहेर पडत. जहाजं भरभरून माल जगभर जाई, आपल्याकडेही येई. कारखान्याच्या मनोऱ्यावर चार तोंडांचं प्रचंड घड्याळ होतं. तो मनोरा १९६३ मध्ये पाडला, १९८० मध्ये कारखानाच बंद पडला. स्टेशनाचं नाव मात्र कोणी बदललं नाही.

आम्ही ग्लासगोत राहायला आलो तेव्हा यातलं काही मला माहीत नव्हतं. जुन्या वस्तूंचा नाद लागला तो घरामुळे. आमचं घर इथल्या ‘टेनमेंट’मध्ये आहे, म्हणजे लाल दगडाच्या, उंच छताच्या, शंभर वर्षं उलटून गेलेल्या चार मजली इमारतीत. स्वयंपाकघरात छताला एक ‘पुली’ टांगलेली होती: दोन्ही टोकांना बिडाच्या चौकटी, त्यांत चार लांब लाकडी दांडे, आणि दोरीने खाली-वर करायची सोय. आजोळी माजघरात उंच वलणी असायची आणि आजी काठीने लुगडं वर टाकायची, अगदी तसंच. ग्लासगोत पाऊस कधी येईल याचा नेम नाही, बाहेर कपडे वाळत घालणं म्हणजे जुगारच. पण ऊब वर जाते, त्यामुळे पुलीवरचे कपडे रात्रीत खडखडीत वाळतात. घर दाखवणाऱ्याने विचारलं होतं, ‘ही अडगळ काढून टाकायची का?’ मी नको म्हटलं. दोरी बदलली, दांड्यांना तेल पाजलं, आणि तेव्हापासून रोज आमच्या चौघांचे कपडे तिच्यावर वाळतात.

जुन्या वस्तूंबद्दल मला जे काही म्हणायचं आहे ते सगळं या पुलीत आलं. वस्तू ज्या कामासाठी घडवली, ते काम ती अजून करू शकत असेल तर आधी तेच करू द्यावं. अगदीच मोडीत निघाली असेल तर तिला दुसऱ्या कामाला लावावं. हल्ली उलटं दिसतं. चालत्या मशीनचं डोकं काढून टाकतात आणि खालच्या लोखंडी सांगाड्यावर काच ठेवून टेबल करतात. कॅफेत असं टेबल दिसलं की मी वाकून बघते, मशीन कुठे गेलं असेल ते. मला खरंच वाईट वाटतं.

आमचा शनिवार ठरलेला असतो. लेकीचा पोहण्याचा क्लास, मग लायब्ररी, आणि धाकट्याने फार कटकट केली नाही तर बॅरास. गॅलोगेटजवळचा हा शनिवार-रविवारचा बाजार. मार्गारेट मॅकआयव्हर नावाच्या बाईंनी तो उभा केला. त्या आधी फेरीवाल्यांना हातगाड्या भाड्याने द्यायच्या. १९२० च्या दशकात त्यांनी विक्रेत्यांसाठी जागा केली, तिच्यावर छप्पर घातलं, आणि १९३४ मध्ये तिथेच बॅरोलँड हा नाचाचा हॉलही बांधला. आज तिथे गाण्याचे कार्यक्रम होतात. बाजारात जुनी भांडी, हत्यारं, लष्करी कोट, खोक्यात भरलेल्या किल्ल्या, काहीही मिळतं. धर्मादाय संस्थांची जुन्या वस्तूंची दुकानं गल्लोगल्ली आहेत, तिथेही मी डोकावते. गादीचं फर्निचर घ्यायचं तर आगीच्या नियमाचं लेबल शिवलेलं आहे का ते आधी बघायचं. लेबल नसेल तर ती दुकानंही तो सोफा विकायला घेत नाहीत.

मशीन मिळालं ते बॅरासमध्येच. टेबलाखाली, वाकवलेल्या लाकडाच्या पेटीत. विक्रेते आजोबा म्हणाले, ‘उचलून बघ हेन, ओतीव लोखंड आहे.’ (‘हेन’ म्हणजे इथलं लाडाचं ‘पोरी’.) उचललं आणि खांदा भरून आला. काळं अंग, त्यावर सोनेरी नक्षी, उजवीकडे हाताने फिरवायचं चाक. मॉडेल ९९ के. यातला ‘के’ किलबोवीचा. समोर पितळी बिल्ला होता, निळ्या काठाचा, त्यावर १८५१ ते १९५१ असं कोरलेलं. कंपनीला शंभर वर्षं झाली तेव्हाच्या मशीनांवर हा बिल्ला लावला होता. चाक फिरेना. नवरा म्हणाला, ‘अगं, जाम झालंय हे.’ जाम झालेलं आणि मोडलेलं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. वर्षानुवर्षं न वापरल्याने आतलं तेल सुकून चिकट होतं, एवढंच झालेलं असतं.

साफसफाईचं जरा सविस्तर सांगते, कारण हे आपल्याकडच्या मशीनांनाही लागू आहे. अंग पुसायला स्पिरिट किंवा सॅनिटायझर अजिबात लावायचं नाही. सोनेरी नक्षीवर जो पारदर्शक थर असतो तो शेलॅकचा, म्हणजे लाखेचा. स्पिरिटने लाख विरघळते आणि नक्षी बघता बघता निघून येते. मशीनचंच तेल कापसावर घेऊन हलक्या हाताने पुसायचं. लाख म्हटल्यावर मी थबकलेच. ही लाख पळस, कुसुम, बोर अशा झाडांवरच्या किड्यांपासून मिळते आणि जगाला ती पुरवण्यात भारताचा वाटा फार मोठा. म्हणजे आपल्याकडच्या झाडांवरची चमक क्लाइडबँकला येऊन या लोखंडावर चढली असणार.

आतल्या प्रत्येक सांध्यावर तेलाचा थेंब, मग तासभर थांबायचं, चाक थोडं पुढे, थोडं मागे. जोर करायचा नाही. लेक शेजारी टॉर्च धरून बसली होती. बॉबिनच्या खाचेतून जुन्या धाग्याचा गुंता निघाला, राखाडी, लोकरीचा. दुसऱ्या दिवशी सकाळी चाकाने अख्खा फेरा घेतला तेव्हा ती पहिल्यांदा ओरडली, मी नंतर. सुई कुठे मिळणार, ही काळजीही फुकटच होती. या मशीनला आजची कुठलीही साधी घरगुती सुई बसते. सत्तर वर्षांहून जुनं यंत्र, आणि सुई कोपऱ्यावरच्या दुकानातली.

आता शाळेच्या पँटची शिवण उसवली की मी पेटी उघडते. धाकटा चाक फिरवतो, मी कापड सरकवते, टीप सरळ पडते. यंत्रांना विरोध करणाऱ्या गांधीजींनीही शिलाई मशीनचा अपवाद केला होता. हाताने चाक फिरवताना मला तो अपवाद पुरेपूर पटतो. थंडीत मी सासूबाईंच्या दोन विरलेल्या साड्या आणि इथल्या दुकानातलं कसर लागलेलं लोकरी ब्लँकेट मिळून गोधडी केली. ब्लँकेट आधी पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये ठेवलं, कसरीची अंडी मरावीत म्हणून. भोकं साड्यांच्या आत गेली. कोण कुणाची गोधडी ओढतं यावर आता रोज भांडण.

खणांच्या कपाटाची गोष्ट वेगळी. शेजारच्या आजी घर बदलून छोट्या जागेत गेल्या तेव्हा त्यांनी ते दिलं. दिसायला अगदी साधं. खण उपसून बघितला तर आत शिक्का: दोन कापलेली वर्तुळं आणि शेजारी ४१. दुसऱ्या महायुद्धात लाकडाचा तुटवडा पडला तेव्हा सरकारने फर्निचरचे नमुने ठरवून दिले, त्यातलं हे. सुरुवातीला असं फर्निचर मिळायचं ते नवविवाहितांना आणि ज्यांची घरं बॉम्बहल्ल्यात गेली त्यांना. क्लाइडबँकवर १९४१ च्या मार्चमध्ये, १३ आणि १४ तारखेच्या रात्री, जर्मन विमानांनी बॉम्ब टाकले. गावात बारा हजारांच्या आसपास घरं होती, त्यांतली बोटांवर मोजण्याइतकीच धड राहिली. सिंगरचं लाकडाचं कोठारही त्यात जळालं. हे कपाट कुणाच्या घरी पहिल्यांदा गेलं ते कळायला मार्ग नाही, पण तो शिक्का लेकीला दाखवला तेव्हा तिने शाळेत शिकलेलं सगळं एका दमात सांगितलं.

त्या कपाटाला नंतर कुणीतरी पांढरा रंग फासला होता. तेव्हा माझे सासरे इथे होते. त्यांना लाकूडकामाची हौस. ते लगेच पॉलिशपेपर घेऊन बसले. ‘अहो बाबा, थांबा जरा,’ म्हणून मी त्यांना अडवलं. १९६० च्या आधीच्या रंगात शिसं असण्याची शक्यता फार. घासलं की त्याची धूळ घरभर होते आणि लहान मुलांच्या मेंदूला ती घातक असते. तपासणीची कांडी मिळते, ती रंगावर घासली की शिसं असल्यास लाल होते. आमची लाल झाली. मग घासणं रद्द. रंग कुठे सुटलेला नव्हता, म्हणून तो तसाच ठेवून वरून नवा थर दिला. बाबा थोडे हिरमुसले, पण खणांच्या आत मेण लावायचं काम त्यांनी मनापासून केलं, आता खण लोण्यासारखे सरकतात. कपाटावर देव, आणि खाली मुलांचे स्वेटर.

काही वस्तूंचं मूळ काम मात्र आमच्याकडे होणार नाही. इथे जॅम करायचं मोठं पितळी पातेलं असतं, ‘जीली पॅन’. आत कल्हई नाही. साखरेच्या पाकातलं जॅम शिजलं की लगेच काढून घेतात म्हणून त्यांचं चालून जातं. आमच्या चिंचेच्या आमटीला ते कसं चालेल? तीच चिंच आणि मीठ लावून पातेलं बाहेरून घासलं, पिवळंधमक निघालं. आता त्यात लेगोचे ठोकळे असतात. धाकटा ते एकदम ओततो तेव्हा खालच्या मजल्यापर्यंत आवाज जातो.

बॅरासमधल्या मशीनचा फोटो आईला पाठवला, तर तिचा लगेच फोन आला. आजोळी, कराडजवळ, आजीचं पायमशीन होतं ना, तसंच दिसतंय म्हणाली. मामा ते मोडीत घालून खालच्या सांगाड्यावर बेसिन बसवणार होता. मी मामीला फोन करून अंगावरचा नंबर वाचायला लावला. ‘अगं, कसला नंबर, सगळी धूळ आहे,’ म्हणत तिने पदराने पुसलं आणि वाचला. सुरुवातीला ‘वाय’. ही मालिका क्लाइडबँकचीच, १९२० आणि ३० च्या दशकांतली. आमच्या घरापासून थोड्या अंतरावर घडलेलं मशीन आजीने आयुष्यभर चालवलं होतं.

‘मामी, बेसिन नको ना. आधी तेल घालून बघा,’ म्हटलं. मामीने मामाला काही विचारलं नाही, सरळ तेल घातलं. चामडी पट्टा तुटला होता, तो कराडात मिळाला. पंधरा दिवसांत चार अभ्रे शिवून तिने फोटो पाठवले. टाका वरून घट्ट, खालून जरा ढिला होता, तर दोऱ्याचा ताण कसा कमी-जास्त करायचा ते व्हिडिओ कॉलवर आम्ही दोघींनी आपापल्या मशीनवर करून बघितलं. तिला आता कड दुमडून शिवणारा जुना फूट, म्हणजे सुईखाली कापड दाबून धरणारा भाग, हवा आहे. तो माझ्या मशीनला बसतो तसा तिच्याही बसेल. बॅरासमधल्या आजोबांना सांगून ठेवलं आहे, ते म्हणाले डब्यात शोधून ठेवतो.