आमची वाटचाल : वाळतंय का, एवढाच प्रश्न

माझं पहिलं बाळंतपण माहेरी झालं, बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यात, २०१२ च्या जुलैत. खानापूरचा पावसाचा जुलै ज्यांनी काढला आहे त्यांना पुढचं सांगायला नको. सोप्यात दोन दांड्या, माजघरात एक, न्हाणीघराच्या दारावर एक, आणि सगळ्यांवर लंगोट. मावशीची दोन जुनी लुगडी आणि बाबांचं एक धोतर फाडून आईनं तीस लंगोट केले होते. नवं बाळ दिवसाला दहा-बारा लंगोट ओले करतं. दोन दिवस काही वाळलं नाही की तीस संपायला वेळ लागत नाही.

आईकडे त्याचा इलाज होता. शेगडीत निखारे, त्यावर ओवा आणि धूप, वर बुरडाचं डालगं पालथं आणि डालग्यावर लंगोट पसरलेले. पोराला, दुपट्यांना, माझ्या केसांना महिनाभर तोच वास. एकदा मला डुलकी लागली आणि एक लंगोट करपला. डालग्याची वीण त्यावर जशीच्या तशी तपकिरी उमटली होती, चौकटी-चौकटी. तो मी ठेवून दिला आहे.

आठव्या दिवशी नवरा बेळगावहून डायपरचं पाकीट घेऊन आला. मला हायसं वाटलं. आई म्हणाली, "ते सगळं बरं हाय, पण ह्ये टाकायचं कुठं?" गावात कचऱ्याची गाडी येत नव्हती. तिनं पहिला डायपर गोठ्यामागे पुरला. कुत्र्यानं तो रात्रीत उकरला आणि सकाळी चिखलात साबुदाण्याच्या लगद्यासारखे पांढरे गोळे पसरले होते, पावसात फुगून आणखी मोठे झालेले. डायपरमधली ती पूड आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवते. तेच तिचं काम. पावसाचं पाणी कुठलं आणि बाळाचं कुठलं, हे तिला कसं कळणार!

आमच्या कापडी लंगोटांच्या धंद्याची सुरुवात या गोठ्यामागे झाली, असं मी गमतीनं सांगते.

सासर बेळगावच्या वडगावात. सासऱ्यांचे चार पॉवरलूम, साडीचे. मला शिवणकाम येत होतं आणि घरात कापडाची समज होती, एवढंच भांडवल. साडीचे माग लंगोटाच्या कामाचे नव्हते, सुती कापड इचलकरंजीहून आणावं लागलं. २०१३ च्या दिवाळीनंतर पहिला तागा आणला. शेजारच्या दोन बायकांना हाताशी घेऊन बाळंतविडे शिवायला लागले: टोपडं, झबली, दुपटी, कुंची आणि बारा लंगोट. टोपडी-कुंच्या हातोहात गेल्या. लंगोट परत आले.

खरंच परत आले. अनगोळच्या एका वहिनींनी पिशवी ओट्यावर ठेवली आणि म्हणाल्या, "शू खाली पडतीया गं, कापडात जातच न्हाई." मला राग आला. शंभर टक्के सुती कापड, त्यात जात नाही म्हणजे काय? सासरे माडीवर बसले होते. ते खाली आले, एक लंगोट ओट्यावर पसरला आणि तांब्यातलं पाणी बोटानं त्यावर सोडलं. अळूच्या पानावर बसावा तसा थेंब वर बसून राहिला. मग त्यांनी आपल्या खांद्यावरचा जुना पंचा पसरला आणि त्यावर थेंब टाकला. तो टेकला आणि दिसेनासा झाला.

"खळ," ते म्हणाले. "खळ काढली न्हाईस तू."

मागावर ताण्याचा, म्हणजे उभा धागा तुटू नये म्हणून त्याला खळ, म्हणजे कांजीसारखा लेप देतात, आणि कापसाचा स्वतःचा मेणचटपणा असतोच. कोरं कापड त्यामुळे पाणी घेत नाही. विणकराच्या घरात राहून ही गोष्ट मला माहीत असायला हवी होती. आईनं जुनी लुगडीच का फाडली तेही तेव्हा कळलं. मला वाटायचं काटकसर. पण वीस वर्षं धुतलेल्या कापडात ना खळ उरते ना मेण. ती मंडळी पिढ्यान्‌पिढ्या मुरलेलं कापड वापरत होती आणि मी कोरं विकत होते. साठ डझन लंगोट मी परत घेतले, सोडा घालून दोनदा उकळले आणि पुन्हा विकले. आजही कुठलाही तागा आला की आधी थेंब. थेंब बसून राहिला तर कापड पुन्हा हंड्यात. तरी गिऱ्हाइकाला सांगतोच, घरी नेऊन तीन-चार वेळा धुवा, वाळवा, मग वापरा. पाचव्या-सहाव्या धुण्यापर्यंत कापड सुधारत जातं.

त्याच वर्षी आणखी एक अक्कल आली. चौकोन कापला आणि धुतला की तो चौकोन राहत नाही. उभा धागा आडव्यापेक्षा जास्त आटतो. म्हणून अठ्ठावन्न इंची पन्ना, म्हणजे कापडाची पूर्ण रुंदी, मधोमध फाडून आम्ही एकोणतीस इंच रुंदी घेतो आणि उभ्या बाजूनं थोडं वाढवून कापतो. धुऊन ते सत्तावीसच्या आसपास येतं. एका बाजूला कापडाची काठ असते, तिकडे शिलाई लागत नाही. ही बचत छोटी आहे, पण डझनामागे दोरा आणि वेळ दोन्ही वाचतात.

२०१६ मध्ये मात्र मी घसरले. शहरात नव्या धाटणीचे लंगोट आले होते: बाहेरून रंगीत, पाणी न झिरपणारं कापड, बटणं, मांडीला इलास्टिक, आणि आत खिशात घालायचा जाड पॅड. दिसायला देखणे. पुण्या-बंगळूरच्या मुली तेच मागायच्या. एका व्यापाऱ्याकडून तयार कापड आणि पॅड घेऊन मी तीनशे नग शिवले. जानेवारी ते मे कुणाचीच तक्रार नव्हती. जूनमध्ये फोन सुरू झाले. तो जाड पॅड पावसाळ्यात दोन दिवस वाळत नाही, तिसऱ्या दिवशी त्याला कुबट वास येतो. आणि बाहेरच्या कापडाचं म्हणाल तर घरोघरी आज्जी आहेत. आज्जी बाळाचे कपडे उकळणार, हे ठरलेलं. उकळलं की त्या कापडामागचा पातळ थर सुटतो, पापडासारखा. व्यापारी म्हणाला, धुण्याच्या सूचना वाचा. मला सूचना वाचता येत होत्या, पण आज्जीला चष्मा लागतो आणि त्या सूचना इंग्रजीत होत्या.

त्या मोसमात हुक्केरीकडच्या एक कन्नड आज्जी सुनेबरोबर आल्या. मी माझा सगळा माल मांडला आणि कापडाचे गुण सांगायला लागले. त्यांनी ऐकून घेतलं, पॅड हातात घेऊन दाबून बघितला आणि एवढंच विचारलं, "ओणगतैतेन?" वाळतंय का? मी गप्प. त्यांनी पॅड खाली ठेवला आणि साधे चौकोनी लंगोट दोन डझन नेले.

तेव्हापासून आमच्याकडे खरेदी या एका प्रश्नावर होते. साधा एकपदरी चौकोन दोनदा दुमडला की चार पदर होतात. मग तिघडी घातली की बारा. साडेचार इंच रुंद, साडेतेरा लांब अशी पट्टी तयार होते, नव्या बाळाला पुरेशी. पण दांडीवर तो पुन्हा एकपदरी होतो. उन्हाळ्यात तासाभरात वाळतो, पावसात घरात पंख्याखाली रात्रभरात. शेवटची ओल राहिली तर इस्त्री फिरवावी. बाहेरून जलरोधक चड्डी आम्ही वेगळी देतो. ती दर वेळी धुवावी लागत नाही, शी लागली नसेल तर पुसून वाळत घातली की पुन्हा चालते. दिवसाला चार-पाच पुरतात. तिला उकळणं आणि इस्त्री दोन्ही बंद. लंगोट उकळा, चड्डी उकळू नका: आज्जींना एवढं वाक्य लक्षात राहतं. चिठ्ठीवर आम्ही चित्रंच काढली आहेत, पातेलं आणि पातेल्यावर फुली. त्याखाली मराठी आणि कन्नड दोन्ही.

चड्डीवरून एक गोष्ट आठवली. मध्ये मला घोंगडीचं वेड लागलं होतं. लोकर स्वतः ओल धरते आणि तरी ओली लागत नाही, बाहेरच्या देशांत लोकरीच्या लंगोट-चड्ड्या वापरतात, आणि आपल्याकडे तर धनगर-कुरुबांच्या घोंगड्या आहेत. दोन नग शिवून स्वतःच्या हाताच्या आतल्या बाजूला बांधून तासभर काम केलं. हात लाल झाला. आपल्या मेंढीची लोकर राठ, ती घोंगडीलाच शोभते. विषय संपला.

किती घ्यावेत, हे सगळे विचारतात. रोज धुणार असाल तर उन्हाळ्यात दोन डझन, पावसाळ्याचं बाळ असेल तर तीन. त्याहून जास्त आम्ही विकत नाही. बाळ वाढतं आणि घडी बदलते, पण चौकोन तोच राहतो. शी आधी झटकून संडासात, मग गार पाण्यात खळबळून, मग गरम पाण्यात पावडरनं. आमच्याकडे बोअरचं पाणी जड. त्यात साबणाची वडी वापरली की कापडावर थर धरतो, लंगोट पत्र्यासारखा कडक होतो आणि पाणी घेईनासा होतो. त्यापेक्षा पावडर बरी. कपडे मऊ करणारं सुगंधी पाणी घालू नये, तेही कापडावर थर चढवतं. शूचा उग्र दर्प येत असेल तर बहुतेक वेळा खळबळणं कमी पडलेलं असतं. पिवळे डाग घासत बसू नये, ओल्या कापडाला कडक ऊन दाखवलं की अर्धे आपोआप जातात. आणि लंगोट बांधताना पाय सरळ ओढून आवळू नयेत. पायांना बेडकासारखं मोकळं राहू द्यावं, नाहीतर खुब्याच्या सांध्याला ते बाधू शकतं. यावर आज्ज्यांशी माझी भांडणं होतात. "पाय वाकडं व्हत्यात" हा त्यांचा मुद्दा, आणि त्यावर त्या हटत नाहीत.

डायपर वाईट असं मी कुणाला सांगत नाही. चोर्ला घाटातून गोव्याला बसनं जाणाऱ्या बाईला मी लंगोट कसे देऊ? कापडात पुरळ येत नाही असंही म्हणत नाही. कापड ओलं राहिलं तर येतंच, बदलायची घाई असावी लागते. धुण्याचा खर्चही खराच. ब्रिटनच्या पर्यावरण खात्यानं २००८ मध्ये हिशेब मांडला होता: कापडी लंगोट मशीनमध्ये गरम हवेनं वाळवले तर पर्यावरणाचा फायदा बराचसा जातो, आणि दांडीवर वाळवून दुसऱ्या बाळालाही वापरले तर वाढतो. आमच्याकडे वाळवायची मशीन कुणाच्या घरी आहे? आणि दुसऱ्या बाळाला काय, जावेच्या बाळालाही जातात.

हिशेबाचं थोडक्यात. जीएसटी २०१७ मध्ये आला. आमची उलाढाल लहान, नोंदणी लागलीच नसती. पण आम्ही कर्नाटकात आणि शेजारचं शिनोळी गाव महाराष्ट्रात. बेळगावातून दुचाकीवर जाऊन येता येतं, सोयरीक इथून तिथे रोज जुळते, पण एक डझन लंगोट तिकडे विकले की ती परराज्यातली विक्री, आणि परराज्यात माल विकायचा तर नोंदणी सक्तीची. चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूर सोडलं तर आमच्याकडे काय उरतं? नोंदणी केली. बाळांच्या लंगोटावर तेव्हा १२ टक्के होते, सप्टेंबर २०२५ पासून ५ झाले.

२०१९ च्या ऑगस्टचा महापूरही याच कोल्हापूरच्या रस्त्यावर आडवा आला. निपाणीच्या पुढे महामार्गावर पाणी, कोल्हापूर पाण्यात, इचलकरंजीचे तागे तिकडेच. आमच्या खोलीतही गुडघाभर पाणी आलं, पण मशीन टेबलावर होत्या म्हणून वाचल्या. तेव्हापासून मे महिन्यातच तीन महिन्यांचं कापड भरून ठेवतो, माडीवर.

आता आम्ही सात जणी आहोत. पाच शिवतात, एक उकळायचं आणि थेंबाचं बघते, मी कापते. पार्सल बसनं जातं, चिकोडी, गोकाक, सावंतवाडीपर्यंत. २०१२ चा पोरगा आता नववीत आहे. लेबलं तोच छापतो, पण कुठले लंगोट विकतो ते मित्रांना सांगत नाही.

सध्या अडलंय ते रात्रीच्या पॅडवर. रात्री एक चौकोन पुरत नाही, जाड हवं, आणि जाड म्हटलं की वाळत नाही, पुन्हा तिथेच. पट्टी तीन ठिकाणी शिवण्याऐवजी एकाच टोकाला शिवली तर ती पुस्तकासारखी उघडून दांडीवर टाकता येते, अशी कल्पना आहे. सहा नमुने काल दुपारपासून दांडीवर आहेत. पाऊस पडतोय. पानं वाळलीत, शिवणीपाशी बोटाला अजून ओल लागते.