तेलावीला जाताय? गोंबोरीचा घाट अंधारात नकोच

जॉर्जियाची राजधानी तिबिलिसीहून द्राक्षांच्या मुलखातल्या तेलावीला दोन रस्ते आहेत. गोंबोरीच्या घाटाचा जवळचा, सागारेजो-गुरजानीचा लांबचा. ‘दीड तासात पोचवतो’ म्हणत टॅक्सीवाल्याने आम्हाला संध्याकाळी घाटात घातलं. सोळाशे मीटरवरची खिंड, हातभर पुढचं दिसेना असं धुकं, वळणावर बसलेली गुरं. आणि ऐन माथ्यावर गाडी थांबवून त्याने ठरल्याच्या दुप्पट भाडं मागितलं! मागे बायको-पोरं, मोबाइलला रेंज नाही. दिले पैसे. अजून राग जात नाही.

म्हणून सांगतो, तिबिलिसीच्या ओर्ताचाला स्टँडवरून सकाळीच मार्श्रुत्का धरा. आपली वडापच ती; भरली की सुटते, सामान मांडीवर घ्यावं लागतं. पण लांबच्या रस्त्याने सुखरूप नेते. टॅक्सीच हवी तर भाडं आधी कागदावर लिहून घ्या आणि उजेडातच निघा.

आता ज्याच्यासाठी गेलो ते. आम्ही तासगावचे द्राक्षवाले, म्हणून तिथल्या एका द्राक्षवाल्याच्याच घरी उतरलो. यजमानांच्या आजोबांची बाग सोव्हिएत काळात सामूहिक शेतीत गेली. ती परत मिळाली, पण 2006 साली रशियाने जॉर्जियन वाइनची आयात बंद केली आणि द्राक्षाला कोणी विचारेना. बाग पडीक पडली. नातू शहरातली नोकरी सोडून आला आणि आता सगळं घर मिळून स्वतःची वाइन करतं. बागेला मांडव नाही, वेल तारेवर. छाटणी वर्षातून एकदाच, हिवाळ्यात. आपल्या एप्रिल-ऑक्टोबरच्या दोन छाटण्या ऐकून म्हातारे यजमान थक्क झाले.

वाइन मुरते क्वेव्रीत, म्हणजे गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेल्या, आतून मेण लावलेल्या मातीच्या रांजणात. रकात्सितेली या तिथल्या पांढऱ्या द्राक्षाचा रस सालीबियांसकट आत सोडतात. फसफसून वर आलेला चोथा दिवसातून चार-पाचदा लाकडी दांड्याने खाली दाबायचा. ते काम मी मागून घेतलं. खांदे भरून येतात. रांजणाच्या तोंडावर वाकू मात्र नका, कार्बन डायऑक्साइड साचलेला असतो, जीव गुदमरतो. पोरांना तर जवळ फिरकूच देऊ नका.

जायचं तर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, तोडणी चालू असताना. मोठ्या कारखान्यांच्या टूर सरळ वगळा, अशा घरीच उतरा. लारी, म्हणजे तिथलं चलन, रोख ठेवा, खेड्यात कार्डाचा भरवसा नाही. परतीची मार्श्रुत्काही दुपारच्या आत गाठा, नाहीतर पुन्हा टॅक्सी आणि पुन्हा तोच घाट.