बॉयकटवर पर्म

एवढ्याशा केसांचा पर्म, म्हणजे लोशन लावून ते टिकाऊ कुरळे करणं, होतो का? होतो. पण किती होणार हे पार्लरवाली ठरवत नाही, केस ज्यावर गुंडाळतात तो रॉड ठरवतो.

बारीक रॉड असतो साधारण 6 मिलिमीटर जाडीचा. त्याच्या एका वेढ्याला 19 मिलिमीटर केस लागतो. एक-दीड वेढ्यात केस नुसता वाकतो. बट हवी तर अडीच वेढे, म्हणजे जवळपास 5 सेंटीमीटर. पट्टी घेऊन आरशासमोर बसले. टाळूवर 5 भरले, कानांवर जेमतेम 3, मानेवर मोजण्यासारखं काही नव्हतंच. मग वर कुरळं आणि कडेला बारीक, असं ठरलं. (सगळीकडून कुरळं मला शोभलंही नसतं.)

आखूड केसांत खरी कसरत टोकांची. टोकावर पातळ कागदाची घडी घालून बट गुंडाळतात. टोक जरा दुमडलं तर वाळल्यावर तिथे गळासारखा आकडा उरतो, आणि आखूड केसांत तो लपवायला जागाच नसते. आमची पार्लरवाली फणीच्या शेपटीने एकेक चुकार केस कागदात सारत होती, तोंडाने "ताई, मान हलवू नका" चालूच.

मग लोशन. त्यातलं थायोग्लायकोलेट केसातल्या केरॅटिन या प्रथिनाचे गंधकाचे बंध सोडवतं, केस रॉडचा आकार घेतो आणि नंतर लावायच्या न्यूट्रलायझरमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड ते बंध पुन्हा जोडतं. रॉड टाळूला टेकलेला, त्यामुळे लोशन कातडीवर उतरतंच. कडेने क्रीम आणि कापूस लावूनही कानामागे चुरचुरलं. लगेच सांगितलं, तिने पुसून कापूस बदलला. इथे भीड कामाची नाही. 1906 च्या सुमारास लंडनमध्ये कार्ल नेस्लर नावाचा केशरचनाकार केस कुरळे करायचं हेच काम तापवलेल्या पितळी रॉडने करायचा; त्याला लांब केस लागत, मला त्याने दारातूनच परत पाठवलं असतं.

आता टिकण्याचं. केस महिन्याला सेंटीमीटरभर वाढतो, तोही मुळातून, सरळच. कात्री लागते ती टोकाला, म्हणजे नेमकी कुरळ्या भागाला. बॉयकट राखायचा तर तीन-चार कटिंगमध्ये पर्म केराच्या टोपलीत. बहीण याला पैशांचा चुराडा म्हणते. मला उलट तीच सोय वाटते. तिचा लांब केसांवरचा फसलेला पर्म तिने वर्षभर अंबाड्यात कोंबला होता. शनिवारी माझं कटिंग आहे. फक्त कानावरचे कापायला सांगणार आहे.