ताम्हणाचा तुरा आणि ४० बाइट

२५ मे, रविवार

आज ओढणीला पिनेने ताम्हणाचा एक तुरा लावून हिंडले. खरं तर लायलॅक हवा, पण तो थंड हवेतला. पुण्यात कुठून आणायचा? रंगाने त्याच्या जवळ जाणारं ताम्हण आमच्या सोसायटीच्या भिंतीला लागूनच उभं आहे. यंदा पाऊस मे महिन्यातच येऊन बसल्यामुळे निम्मा बहर झाडाखाली चिखलात पडला होता. त्यातलाच एक बरा तुरा उचलला, पाणी झटकलं आणि लावला. जांभळट, चुणीदार पाकळ्या, मधे पिवळे केसर. दुपारपर्यंत त्याने मान टाकली. लिफ्टमध्ये शेजारच्या काकूंनी विचारलंच, "काय गं, लग्नाला का कुठे?" म्हटलं, "नाही हो काकू, एका पुस्तकातला दिवस आहे आज." "असं का," म्हणाल्या आणि तिसऱ्या मजल्यावर उतरल्या.

ते पुस्तक म्हणजे इंग्रज लेखक टेरी प्रॅचेटच्या 'डिस्कवर्ल्ड' या विनोदी फँटसी मालिकेतलं 'नाइट वॉच'. २००२ सालचं. अँख-मॉरपॉर्क नावाच्या बकाल, भ्रष्ट, तरीही आपल्याशा वाटणाऱ्या शहरात तीस वर्षांपूर्वी एक छोटा उठाव झालेला असतो. राजवट बदलते, पण ज्यांनी रस्त्यावर अडसर रचून मार खाल्ला त्यांच्या हाती काही लागत नाही. काही जण मरतात. जे उरतात ते दर २५ मेला अंगावर लायलॅकची डहाळी लावतात, स्मशानात जातात, फारसं बोलत नाहीत. कुणी पोलीस, कुणी फेरीवाला, एक तर शहराचा सत्ताधीश. कोणी फूल लावायचं याबद्दल त्यांचा नियम कडक आहे: जो तिथे होता त्यानेच. त्या शिस्तीने पाहिलं तर आम्हा वाचकांना तो अधिकारच नाही. पण ३०० पानं त्या गल्लीत काढली म्हणजे आपणही थोडेफार होतोच तिथे, अशी पळवाट आम्ही काढली आहे.

प्रॅचेटने २००७ च्या डिसेंबरात स्वतःला अल्झायमर झाल्याचं जाहीर केलं. मग त्या आजारावरच्या संशोधनाला त्याने १० लाख डॉलर दिले. वाचकांनी लगेच चंग बांधला की तेवढेच पैसे आपणही उभे करायचे. २५ मेच्या लायलॅकला हा दुसरा अर्थ तेव्हा चिकटला. (आजच लेखक डग्लस अॅडम्सचे वाचकही त्याच्या आठवणीत खांद्यावर टॉवेल टाकून हिंडतात. त्यांचं काम सोपं. टॉवेल घरोघरी असतो.)

आज हे सगळं लिहायला बसले ते शुक्रवारच्या एका प्रश्नामुळे. आमच्या छोट्या कंपनीत गेल्या वर्षी एक मुलगा लागला, फुरसुंगीचा. सर्व्हरची सेटिंग्ज तपासायचं काम त्याच्याकडे दिलं होतं. दुपारी लॅपटॉप घेऊन माझ्या टेबलाशी आला. "मॅडम, ही एक ओळ कुठूनच वापरलेली दिसत नाही. काढून टाकू?"

ओळ होती एक्स-क्लॅक्स-ओव्हरहेड, आणि तिच्यापुढे 'जीएनयू टेरी प्रॅचेट'.

"नको," म्हटलं. "बस जरा."

त्याला सांगितलं ते असं. प्रॅचेटच्या जगात वीज नाही, पण 'क्लॅक्स' आहेत. डोंगरमाथ्यांवर उंच बुरूज, प्रत्येकावर उघडझाप करणाऱ्या झडपा, रात्री मागे दिवे. एका बुरुजावरचा माणूस पुढच्या बुरुजाच्या खुणा वाचतो आणि तशाच पुढे देतो. अशी तार खंडभर फिरते. या बुरुजांवर काम करणारी पोरं थंडीवाऱ्यात मरतात, पडतात, कधी पाडलीही जातात. 'गोइंग पोस्टल' या २००४ च्या कादंबरीत अशाच मेलेल्या एका तरुणाचं नाव त्याचे सोबती तारेत सोडतात आणि त्यापुढे तीन अक्षरं जोडतात. जी म्हणजे पुढे धाडा. एन म्हणजे नोंदवहीत लिहू नका. यू म्हणजे शेवटच्या बुरुजावर पोचलं की परत फिरवा. म्हणजे ते नाव कुठे थांबणार नाही, कुठे जमा होणार नाही. तारांमधून ये-जा करत राहील. जोवर नाव फिरतंय तोवर माणूस गेला असं म्हणायचं नाही, अशी त्या पोरांची धारणा.

१२ मार्च २०१५ ला प्रॅचेट गेला. त्यानंतर काही दिवसांतच त्याच्या वाचकांतल्या संगणकवाल्यांना सुचलं की आपण तर रोज बुरुजांवरच बसलेलो असतो. वेबपान मागवलं की सर्व्हर पानाच्या आधी काही ओळी पाठवतो: मजकूर कुठल्या प्रकारचा, किती मोठा, वगैरे. त्यांना हेडर म्हणतात. ब्राउझर त्या वाचतो, आपल्याला दाखवत नाही. तिथे सर्व्हर चालवणाऱ्या कुणालाही आपली एखादी ओळ घालता येते. मग तिथे त्यांनी प्रॅचेटचं नाव सोडलं. त्याच वर्षीच्या जूनमध्ये संकेतस्थळांची गणती करणाऱ्या नेटक्राफ्टने मोजदाद केली तेव्हा सुमारे ८४ हजार संकेतस्थळं ही ओळ पाठवत होती. त्यात माझ्यासारख्यांची चार पानी संकेतस्थळं होती आणि 'गार्डियन'सारखं वर्तमानपत्रही होतं.

पोरगं ऐकत होतं. म्हणालं, "म्हणजे मॅडम, सर्व्हर नामस्मरण करतोय."

इतकी वर्षं हे मला सुचलं नव्हतं.

मग त्याच्यातला इंजिनीअर जागा झाला. "पण प्रत्येक रिक्वेस्टला किती बाइट जातात?" दोघांनी मोजले. ओळीच्या शेवटची दोन अदृश्य चिन्हं धरून बरोबर ४०. पुढे त्याने स्वतःच एक गोष्ट काढली, जी मलाही फार आवडली. सर्व्हरच्या नेहमीच्या लॉगमध्ये कोणी काय मागितलं, कधी मागितलं, किती बाइट गेले हे उतरतं. उत्तरासोबत गेलेले हेडर उतरत नाहीत. म्हणजे पुस्तकातली 'नोंद करू नका' ही अट आपोआपच पाळली जाते. 'परत फिरवा' मात्र जमत नाही. नाव ब्राउझरपर्यंत जातं आणि तिथेच संपतं. पुढच्या मागणीला पुन्हा निघतं. चालायचंच. शिवाय यात संगणकवाल्यांसाठी एक डोळा मारलेला आहे: मुक्त सॉफ्टवेअरच्या ज्या प्रकल्पाची घोषणा १९८३ साली झाली त्याचंही नाव हीच तीन अक्षरं, आणि डिस्कवर्ल्डची पहिली कादंबरीही १९८३ चीच.

ओळ राहिली. त्याने तिच्यावर मराठीत एक कॉमेंट टाकली: 'काढू नये. कारण विचारल्यास मॅडमना भेटा.'

तेव्हापासून डोक्यात एकच घोळतंय. आवडत्या पुस्तकावरचं प्रेम लोक किती तऱ्हांनी दाखवतात! कॉफीचे मग, टी-शर्ट, सोनेरी कडांच्या आवृत्त्या, पात्रांच्या बाहुल्या. माझ्याकडेही तसा एक मग आहे. त्यात पेनं ठेवते. त्यात वाईट काही नाही, पण ते खिशातून निघतं आणि कपाटात जाऊन बसतं. मला भिडतात ते वाचक, जे पुस्तकाचा शब्द खरा मानून पुस्तकात जे करायला सांगितलंय तेच उठून करतात. स्मारक बांधत नाहीत, तार पुढे धाडतात.

इंग्लंडात सॉमरसेटमध्ये विनकँटन नावाचं छोटं गाव आहे. २००२ साली त्या गावाने अँख-मॉरपॉर्कशी भगिनी-शहराचं नातं जोडलं. म्हणजे एका खऱ्या गावाने, जगाच्या नकाशावर नसलेल्या शहराशी! २००९ मध्ये तिथल्या नव्या वस्तीतल्या रस्त्यांना कादंबरीतल्या रस्त्यांची नावं दिली गेली. त्यातला एक 'ट्रीकल माइन रोड'. त्या रस्त्यावर कुणीतरी रोज दुधाची पिशवी घेऊन घरी जात असणार आणि गॅसच्या बिलावर तो पत्ता छापून येत असणार. मला हे कुठल्याही पुतळ्यापेक्षा भारी वाटतं. स्टीफन ब्रिग्ज नावाच्या वाचकाने तर कादंबऱ्यांतले डावे-उजवे, पूल, वेशी एकमेकांशी जुळवत अख्ख्या शहराचा नकाशा रेखला. लेखकाने त्यावर संमतीची मोहोर उठवली आणि १९९३ मध्ये तो छापूनही आला.

आणि ते कासव! डिस्कवर्ल्ड म्हणजे ताटासारखं सपाट जग, ते चार हत्तींच्या पाठीवर, आणि हत्ती एका प्रचंड कासवावर. कूर्म आणि दिग्गज ऐकत वाढलेल्या आपल्यासारख्यांना यात परकं असं काहीच नाही. ब्रिटिश लायब्ररीत पहिल्यांदा ते मुखपृष्ठ पाहिलं तेव्हा हे पुस्तक कुणा भारतीयाने लिहिलं असेल असं मला क्षणभर वाटलं होतं. न्यूझीलंडमध्ये एका प्राचीन समुद्री कासवाचे जीवाश्म मिळाले, तर १९९५ मध्ये त्या जातीचं नाव ठेवण्यात आलं सेफोफोरस टेरीप्रॅचेटी. लेखक तेव्हा हयात होता. जिवंतपणी आपलं नाव कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या कासवाला मिळालं म्हणजे काय वाटत असेल?

यात लेखक वेगळे आणि चाहते वेगळे असं मला करता येत नाही. प्रॅचेट स्वतः आधी चाहताच. तेराव्या वर्षी, वर्षअखेरीच्या रात्री कुणाची तरी मुलं सांभाळायला बसला असताना त्याने टॉल्किनची मोठी कादंबरी हाती घेतली आणि ती त्याला सोडवेना. पुढे १९६७ मध्ये त्याने टॉल्किनला पत्र लिहिलं, टॉल्किनने उत्तरही दिलं. डिस्कवर्ल्डचं पहिलं पुस्तक म्हणजे तोवर वाचलेल्या सगळ्या तलवारबाज, ड्रॅगनवाल्या कादंबऱ्यांची प्रेमाने केलेली टिंगल आहे. टिंगल करायलाही पुस्तक पाठ असावं लागतं. नंतरची पुस्तकं टिंगलीच्या फार पुढे गेली. ती ४१ झाली, आणि शेवटचं तो गेल्यावर २०१५ च्या ऑगस्टमध्ये आलं.

सगळ्यात अवघड आदरांजली मात्र चाहत्यांनी वाहिलेली नाही, त्याचा मदतनीस रॉब विल्किन्स याने वाहिली. प्रॅचेटची इच्छा होती की आपली अपुरी लिखाणं कुणी पूर्ण करू नयेत, छापू नयेत. ती असलेली हार्ड डिस्क स्टीमरोलरखाली चिरडावी. लोकांनी हे त्याच्या विनोदात जमा केलं असतं तरी चाललं असतं. २५ ऑगस्ट २०१७ ला डॉर्सेटमधल्या वाफेच्या इंजिनांच्या जत्रेत 'लॉर्ड जेरिको' नावाचा साडेसहा टनी जुना स्टीमरोलर त्या डिस्कवरून फिरवला. पुनःपुन्हा फिरवला. डिस्क दबली, पण हार मानेना! शेवटी ती खडी फोडायच्या यंत्रात घातली. तिच्यात दहापर्यंत अपुऱ्या कादंबऱ्या असाव्यात असं म्हणतात. अवशेष पुढे सॉल्झबरीच्या संग्रहालयातल्या प्रदर्शनात मांडले.

यावर माझं मन अजून एकमताचं नाही. आपल्याकडे थोर लेखक गेला की वाण्याच्या यादीपासून सगळं 'अप्रकाशित साहित्य' म्हणून छापतात, आणि मी ते विकत घेऊन वाचतेही. त्या दहा कादंबऱ्यांपैकी एक जरी मिळाली असती तर रात्र जागवली असती. पण ज्याचं नाव फिरवत ठेवायचं त्याचा शब्द मोडून कसं चालेल? रॉबच्या जागी मी असते तर रोलर सुरू झाला असता की नाही, सांगता येत नाही.

शुक्रवारी निघताना त्या मुलाला विचारलं, "फुरसुंगीचा ना तू? शाळेत फाफे म्हणून चिडवायचे का?"

"नाही मॅडम. फुरसुंगी म्हटलं की सगळे कचरा डेपोच म्हणतात."

फाफेचा, म्हणजे गोष्टीतल्या फुरसुंगीच्याच बनेश उर्फ फास्टर फेणेचा, सिनेमा त्याने पाहिला होता. त्यातले ते आजोबा, दिलीप प्रभावळकरांनी केलेले, म्हणजे खुद्द लेखक भा. रा. भागवत आहेत हेही त्याला ठाऊक होतं. लेखकालाच त्याच्या नायकाच्या गोष्टीत पात्र करून टाकलं, ही २०१७ मधली मराठी आदरांजली मला तेव्हाही आवडली होती. पुस्तकं मात्र त्याने एकही वाचलेली नाहीत. बनेश फेणे हा फँटसीचा नायक नव्हे, हे कबूल. पण सायकलवरून तो जे जे करतो ते पाहता ड्रॅगनवाल्यांनीही त्याला आपल्यात घ्यायला हरकत नसावी.

भागवतांचा जन्मदिवस ३१ मे, म्हणजे येता शनिवार. फेणे फुरसुंगीचा, शिकायला पुण्यात, वाहन सायकल. मग पुस्तकाचा शब्द खरा मानून करायचं काय, हे उघड आहे: पुण्यातून सायकलवर फुरसुंगीला जायचं. मी आज दुपारी त्या मुलाला तसा मेसेज टाकला. त्याचं उत्तर आलं: "मॅडम, या ना. आई पोहे करेल. पण साडेपाचलाच निघा. सातनंतर हडपसर गाडीतळावर सायकल काढणं अवघड आहे. आणि येताना त्यातलं एक पुस्तक आणा, ज्यात तो सगळ्यात जास्त मार खातो ते."

असं पुस्तक निवडणं सोपं नाही. मार तो बहुतेकांत खातो. आठवड्यात दोन-तीन पुन्हा चाळावी लागतील. आणि सायकलच्या मागच्या चाकात हवा टिकत नाहीये, उद्या कामावर जाताना दुकानात टाकायला हवी.