पीच की फिकट निळा?

"वहिनी, दिवे कुठले लावणार ते आधी सांगा, मग रंगाचं बोलू," पेंटरमामा म्हणाले.

सासूबाई पीचवर अडलेल्या, लेक निळ्यावर. मामांनी दोन्हींचे पट्टे भिंतीवर ओढले.

आमच्या हॉलची खिडकी पश्चिमेला, यवतेश्वरच्या डोंगराकडे. साताऱ्याचं चारचं ऊन आत आलं आणि पीच नुसता भडकला. निळा निवांत. रात्री ६५०० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेड किती पांढरा की पिवळा, त्याचं माप) पांढराफटक एलईडी लावला, तर तोच निळा थेट दवाखाना! २७०० चा पिवळसर बल्ब लावल्यावर जरा माणसात आला.

आणि आपण दुकानातल्या ट्यूबलाइटखाली शेडकार्ड बघून घराचा रंग पक्का करतो. (वर वास्तुवाल्यालाही विचारतो.)

हॉल निळा ठरला. सासूबाईंच्या उत्तरेकडच्या खोलीत ऊन येतच नाही, तिथे पीच.

तुमच्याकडे रंग कोण ठरवतं?