प्रत्येक मुलाला एक पुस्तक

घरी नवीन कोणी आलं की चहा होईपर्यंत कपाटांकडे बघत बसतं आणि मग विचारतंच, "काकू, तुमच्यामागे या पुस्तकांचं काय होणार?" काही जण आडून विचारतात, भाचे सरळ विचारतात. प्रश्नात गैर काही नाही. सत्तरी उलटली, यजमान जाऊन सहा वर्षं झाली, मुलगी बॉस्टनजवळ, मुलगा बंगळुरात. कपाटं मात्र जिथल्या तिथे आहेत.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. याचं उत्तर मला एका प्युरिटन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चची आणखी शुद्धी व्हावी म्हणणाऱ्या कडव्या पंथाच्या, धर्मोपदेशकाच्या मृत्युपत्रात मिळालं. जॉन लोथ्रॉप त्याचं नाव. १६५३ च्या नोव्हेंबरात तो मॅसॅच्युसेट्समधल्या केप कॉडवर, बार्नस्टेबल गावी वारला.

लेकीकडे गेले होते तेव्हा ती मला समुद्र दाखवायला म्हणून तिकडे घेऊन गेली. पाऊस लागला, म्हणून आम्ही गावातल्या स्टर्जिस लायब्ररीत शिरलो. या इमारतीचा जुना भाग म्हणजे १६४४ साली लोथ्रॉपसाठी बांधलेलं घर. सार्वजनिक ग्रंथालय असलेल्या अमेरिकेतल्या इमारतींमध्ये ही सर्वांत जुनी मानतात. एक खोली अजून त्याच्या नावाने आहे. छत इतकं खाली की वरच्या तुळया हाताला लागतील असं वाटतं, पायाखाली रुंद फळ्या. तिथेच त्याचं १६०५ सालचं बायबल जपून ठेवलेलं आहे. त्याची गोष्ट अशी सांगतात की इंग्लंडहून अमेरिकेला येताना जहाजावर रात्री मेणबत्तीच्या उजेडात वाचताना गरम चरबी पानांवर सांडली आणि एकाखाली एक बरीच पानं जळून भोकं पडली. लोथ्रॉपने प्रत्येक भोकावर कागद चिकटवला आणि गेलेला मजकूर आठवून हाताने लिहून काढला. ही गोष्ट ऐकून मी त्या काचेपासून लवकर हलले नाही. पुस्तक दुरुस्त करणारा माणूस मला नातलगासारखा वाटतो.

मग त्याच्याबद्दल मिळेल ते वाचलं. जन्म १५८४ चा, यॉर्कशरमधला. केंब्रिजच्या क्वीन्स कॉलेजात शिकला, केंट परगण्यात एगर्टन गावी चर्चच्या चाकरीत होता. पुढे राजाचं आणि बिशपांचं चर्च त्याला पटेना, तेव्हा ती चाकरी सोडली आणि १६२४ च्या सुमारास लंडनमधल्या एका स्वतंत्र मंडळीचा पुढारी झाला. ही माणसं लपूनछपून घराघरांत प्रार्थनेला जमत. एप्रिल १६३२ मध्ये ब्लॅकफ्रायर्स भागातल्या एका घरावर धाड पडली आणि लोथ्रॉपसकट चाळीसेक जण पकडले गेले. बाकीचे हळूहळू सुटले. तो मात्र १६३४ पर्यंत आत होता. मधल्या काळात बायको हॅना आजारी पडली. शेवटच्या भेटीला त्याला सोडलं, त्याने तिच्या उशाशी प्रार्थना केली आणि परत तुरुंगात गेला. ती गेली. पोरकी झालेली मुलं इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख आर्चबिशप लॉड याच्या दारात जाऊन उभी राहिली, असं त्या काळच्या लेखनात आहे. देश सोडण्याच्या अटीवर अखेर त्याची सुटका झाली. 'ग्रिफिन' जहाजाने मुलांना घेऊन तो १८ सप्टेंबर १६३४ ला बॉस्टनला उतरला. आधी सिच्युएट गावी राहिला, १६३९ मध्ये आपल्या मंडळीसह बार्नस्टेबलला आला. दुसरं लग्न केलं. अ‍ॅना तिचं नाव. तिच्यापासूनही मुलं झाली.

म्हणजे मृत्युपत्र लिहायला बसला तेव्हा त्याच्यासमोर काय होतं बघा. थोरला थॉमस चाळिशीचा, धाकटा जेमतेम आठ-नऊ वर्षांचा. काही मुलं पहिलीची, काही दुसरीची. एक मुलगा इंग्लंडातच राहिलेला. दोन मुलींची लग्नं केव्हाच झालेली. ज्या घरात असा गोतावळा असतो तिथे वाटणीच्या वेळी भांडी आपटली जातात, हे मला कोणी सांगायला नको.

त्याने वाटणी केली ती अशी. पत्नीला बार्नस्टेबलमधलं एक घर. थॉमसला गावात आल्यावर आपण पहिल्यांदा राहिलो ते घर. इंग्लंडातल्या जॉनला आणि इथल्या बेंजामिनला प्रत्येकी एक गाय आणि पाच पौंड. जेन आणि बार्बरा यांना त्यांचा वाटा आधीच मिळालेला आहे. उरलेल्या मुलांना, माझ्याही आणि माझ्या पत्नीच्याही, प्रत्येकी एक गाय. मग पुस्तकं. प्रत्येक मुलाला एक पुस्तक, वयाप्रमाणे निवडून. बाकीचा ग्रंथसंग्रह, तो कसा वापरायचा हे ज्याला कळतं अशा कोणाही सचोटीच्या माणसाला विकावा आणि आलेले पैसे वाटून घ्यावेत.

एवढंच. मी हे किती वेळा वाचलं असेल याची मोजदाद नाही.

पत्नीचं घर आधी बघा. त्या काळच्या न्यू इंग्लंडमधल्या, म्हणजे अमेरिकेच्या त्या ईशान्य भागातल्या, मृत्युपत्रांत विधवेला बऱ्याचदा घरातली एखादी खोली मिळे. भट्टी वापरायची मुभा, वर्षाला इतकं सरपण, बागेतली इतकी सफरचंदं, असं सगळं मुलाच्या नावे बांधून दिलेलं असे. म्हणजे हयातभर ज्या चुलीपुढे बसली, तिथे बसायलाही कागद लागायचा. लोथ्रॉपने तिला घर दिलं. मी स्वतः विधवा आहे, त्यामुळे या ओळीची किंमत मला चांगली कळते.

गाईचं हसू येऊ देऊ नका. बार्नस्टेबल ज्या प्लिमथ वसाहतीत होतं, तिथे पहिली गुरं १६२४ साली जहाजातून आली, तीन कालवडी आणि एक वळू. १६२७ मध्ये गुरांची वाटणी झाली तेव्हा तेरा-तेरा माणसांचे बारा गट पाडले आणि गटागटाला जनावरं नेमून दिली. एका गाईच्या दुधावर कितीतरी तोंडं होती. तिथून पंचवीस-सव्वीस वर्षांत एक बाप प्रत्येक मुलाच्या दावणीला स्वतंत्र गाय बांधू शकत होता. दूध, लोणी, खत, पुढच्या वर्षी वासरू. गाय म्हणजे संसाराचा आरंभ होता. आणि परदेशी राहिलेल्या जॉनची गाय तर मला फार आवडते. त्याला ती दिसणारसुद्धा नव्हती, पण बापाने त्याचं पान वाढलं.

जेन आणि बार्बराची ओळ मात्र मला टोचते. 'मुलींना लग्नातच दिलंय' हे वाक्य आपल्या घरांमध्येही ऐकलेलं आहे, आणि ते म्हणताना आवाज कसा होतो तेही. त्यांच्याकडे मुलीचा वाटा खरोखरच लग्नात देत, गुरं, भांडी, कापडचोपड अशा रूपात. जेनचं लग्न १६३५ मध्ये सिच्युएटला झालं. प्युरिटनांमध्ये लग्न हा दिवाणी करार होता, म्हणून धर्मोपदेशकाच्या या लेकीचं लग्न बापाने लावलं नाही, प्लिमथ वसाहतीचा सेनाधिकारी कॅप्टन माइल्स स्टँडिश याने लावलं. म्हणजे लोथ्रॉप खोटं लिहीत नव्हता. तरीही टोचतं.

आणि म्हणून मी पुढच्या ओळीशी थांबते. प्रत्येक मुलाला एक पुस्तक. इथे कोणी वगळलेलं नाही. घर एकालाच मिळालं, पौंड दोघांना, गाय काहींना. 'आधीच मिळालंय' हे पुस्तकाच्या बाबतीत कुणालाच सांगितलेलं नाही. लग्न झालेली जेन असो, साता समुद्रापलीकडचा जॉन असो, अ‍ॅनाची लहानगी असोत, प्रत्येकाच्या वाट्याला सारखं आलेलं असं एकच काहीतरी त्या मृत्युपत्रात आहे, आणि ते पुस्तक आहे. मुलींनी वाचायला शिकावं ही त्या समाजाची श्रद्धाच होती. देवाचा शब्द ज्याने त्याने स्वतः वाचायचा, तर अक्षरओळख हवीच. शेजारच्या मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीने १६४२ मध्ये कायदाच केला की आईबापांनी मुलांना वाचता येतं का हे बघावं. मुलींना लिहायला शिकवण्याबाबत हात आखडता असे, हेही खरं. पण वाचायला शिकवत.

'वयाप्रमाणे निवडून' म्हणजे काय, यावर मी बराच विचार केला. एक अर्थ असा की थोरल्याने आधी निवडायचं, मग त्याच्या पाठच्याने, असं करत धाकट्यापर्यंत यायचं. दुसरा असा की ज्याच्या त्याच्या वयाला झेपेल असं पुस्तक द्यायचं, चाळिशीच्या थॉमसला एक, आठ वर्षांच्या पोराला वेगळं. पहिल्या अर्थात मान आहे, दुसऱ्यात माया आहे. मला दुसरा हवासा वाटतो, आणि तो मला हवासा वाटतो म्हणून खरा ठरत नाही, हेही मान्य आहे.

पुस्तक देणं म्हणजे त्याच्या दृष्टीने आपली हत्यारं देणं होतं. तिथल्या वसाहतींतला पहिला छापखाना १६३८-३९ च्या सुमारास मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला आला. धर्मोपदेशकाच्या कपाटातलं जवळपास सगळं इंग्लंडहून आणलेलं असे. बॉस्टनजवळच्या चार्ल्सटाउनचा जॉन हार्वर्ड १६३८ मध्ये तिशीतच गेला. त्याला मूलबाळ नव्हतं. त्याने निम्मी मालमत्ता आणि सुमारे चारशे पुस्तकं नव्या कॉलेजला दिली, म्हणून कॉलेजला त्याचं नाव मिळालं. १७६४ च्या आगीत ती पुस्तकं जळाली, एक तेवढं वाचलं. मोठं दान होतं ते. पण माझं मन बार्नस्टेबलच्या वाटणीकडेच जातं.

कारण शेवटची अट. कसा वापरायचा हे ज्याला कळतं, असा सचोटीचा माणूस. जास्त किंमत देणारा शोधा, असं त्याने लिहिलेलं नाही. फुकट वाटून टाका, असंही नाही. विकायचा, म्हणजे घेणाऱ्याने पदरचे पैसे मोडायचे आणि ते मुलांना मिळायचे. आणि तरी घेणारा पारखून घ्यायचा. माझे वडील गेले तेव्हा असं सांगून ठेवलेलं काही नव्हतं. तेराव्यानंतर घर रिकामं करायची घाई झाली आणि त्यांची पुस्तकं रद्दीत, किलोच्या भावाने गेली. पेन्सिलीने समासात लिहिलेल्या टिपांसकट. मी तेव्हा बाळंतीण होते, गावाला पोचेपर्यंत टेम्पो गेला होता. घरात वाईट कोणीच नव्हतं. काय करायचं हे कोणाला माहीत नव्हतं, एवढंच.

लोथ्रॉपच्या घराचं पुढे काय झालं तेही सांगते. बऱ्याच पिढ्यांनी १७८२ मध्ये त्याच घरात विल्यम स्टर्जिस जन्मला. समुद्रावर गेला, कॅप्टन झाला, व्यापारात श्रीमंत झाला. १८६३ मध्ये तो वारला तेव्हा त्याने हे घर आणि पंधरा हजार डॉलर गावाच्या ग्रंथालयासाठी ठेवले होते. १८६७ मध्ये ग्रंथालय उघडलं. ज्या घराच्या मालकाने पुस्तकं कळणाऱ्या माणसाला विका म्हणून सांगितलं, त्याच घरात आज कोणीही येऊन वाचत बसतं. मी बसले होते त्या दिवशी समोर एक शाळकरी मुलगी गणित सोडवत होती, आणि बाहेर पाऊस चालू होता.

तर माझ्या पुस्तकांचं. मृत्युपत्र केलं आहे. वकिलांनी विचारलं, हे पुस्तकांचं कलम हवंच का? हवंच, म्हटलं. गेल्या दिवाळीत सगळे जमले होते तेव्हा पहिला भाग मी हयातीतच उरकला. दोन मुलं, सून, जावई, तीन नातवंडं, आणि माझ्याकडे अकरा वर्षं स्वयंपाकाला येते ती शोभा, असं प्रत्येकाने एकेक घ्यायचं ठरवलं. आधी कोणी निवडायचं यावर मुलगा म्हणाला, मोठ्यापासून. मी धाकटीपासून सुरू केलं. ती नऊ वर्षांची आहे, मराठी अडखळत वाचते. तिने सगळ्यांत जाड म्हणून शब्दकोश घेतला आणि तो उचलता येईना म्हणून भावाला धरायला लावला. शोभाने वेळ घेतला. तीन कपाटं नीट बघितली, मग खालच्या कप्प्यातलं फुलझाडांचं पुस्तक काढलं.

उरलेली पुस्तकं हळूहळू जात आहेत. मागच्या महिन्यात व्याकरणाची आणि भाषाशास्त्राची एक तरुण शिक्षक घेऊन गेला, कोणी तरी पाठवलेला. मी पैसे सांगितले तेव्हा जरा चपापला, कारण फुकट मिळतील असं त्याला वाटलं होतं. थोडेच सांगितले होते, पण सांगितले. त्याने खिशातून काढून मोजून दिले आणि रिक्षा बोलवायला गॅलरीत जायच्याऐवजी तिथेच फरशीवर बसला. वडिलांकडून माझ्याकडे आलेलं एकच जुनं व्याकरण त्या ढिगात होतं. त्याने ते उघडलं, समासातली पेन्सिलीची टीप वाचली आणि मला विचारलं, "हे अक्षर कोणाचं?"