फळ्यावरची चकती

आमच्या मनी मांजराच्या गळ्यात काहीही बांधायचं नाही, हे आमच्या हवाई तळावर पहिल्याच आठवड्यात ठरलं. एका पोरानं तिच्यासाठी लाल फितीत ओवलेलं घुंगरू आणलं होतं. आमच्या मास्टर वॉरंट ऑफिसरांनी ते हातात घेतलं, गाठ ओढून पाहिली आणि स्वतःच्या खिशात टाकलं. "ये इंटेक के सामने गिरा तो?" एवढंच म्हणाले. इंटेक म्हणजे विमानाचं हवा आत घ्यायचं तोंड. जेट इंजिन समोरचं काहीही आत ओढतं. खडा, खिळा, वायरचा तुकडा, काहीही. आत गेलेली वस्तू कॉम्प्रेसरची पाती तोडते, आणि मिग-21 ला इंजिन एकच. त्यामुळं मनी गळ्यात काही न घालताच हिंडायची, आणि ती कुठं आहे हे कळायला डोळ्यांशिवाय दुसरं साधन नव्हतं.

तळ राजस्थानातला, थरच्या वाळवंटाच्या कडेचा. नाव सांगत नाही. साल 2003. मी हवाई दलात कार्पोरल होतो, एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची आणि चाकांची देखभाल करणारा. गाव सातारा जिल्ह्यातलं, जिथं घरटी एक माणूस फौजेत असतो. बेळगावजवळ सांबऱ्याला ट्रेनिंग झालं, तांबरमला ट्रेड शिकलो आणि मग थेट ह्या वाळूत येऊन पडलो. ज्या विमानांवर काम करायचो ती बरीचशी नाशिकजवळ ओझरला तयार झालेली होती. घरापासून एवढ्या लांब आल्यावर त्याचाही आधार वाटायचा.

मांजर मेसच्या मागून आलं असावं. वाळूच्या रंगाचं, पाठीवर राखाडी पट्टे, एक कान फाटलेला. चाकांना लावायच्या पिवळ्या चॉकना टेकून झोपायचं म्हणून हरियाणाचा सार्जंट तिला 'चॉकी' म्हणायचा. माझा खोलीतला मल्याळी दोस्त 'पूच्चा' म्हणायचा, म्हणजे त्यांच्या भाषेत मांजरच. मी 'मनी' म्हणालो, आमच्या घरी प्रत्येक मांजर मनीच असायचं. तेच नाव टिकलं. पंजाबी, तमिळ, बिहारी सगळी पोरं तिला मनी म्हणायला लागली तेव्हा मला आईच्या स्वयंपाकघरातलं काहीतरी ह्या काँक्रीटवर येऊन बसल्यासारखं वाटलं.

सकाळी उड्डाणं सुरू व्हायच्या आधी फॉड वॉक असतो. सगळेजण खांद्याला खांदा लावून एका ओळीत टारमॅकवरून चालतात आणि खाली पडलेलं जे दिसेल ते उचलतात. मनी ह्या ओळीबरोबर चालायची. दोन माणसांच्या मधून, शेपूट उभी करून, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. अधिकारी हसायचे, पण कुणी हाकलायचं नाही. कारण तिचं काम सगळ्यांना दिसत होतं. वाळवंटी उंदीर स्टोअरमध्ये शिरायचे, वायरींचं आवरण कुरतडायचे. शिवाय जिथं उंदीर तिथं घारी आणि घुबडं, आणि एका इंजिनाच्या विमानाला घार म्हणजे काय हे तळावरच्या कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

ग्राउंड पॉवरची, म्हणजे बाहेरून वीज देणारी गाडी विमानाला जोडली की मनी उठायची आणि सरळ क्रू रूमकडं चालू लागायची. इंजिन सुरू होण्याआधी तिची जागा सोडायची वेळ तिला पक्की ठाऊक होती. त्या आवाजात मांजराच्या कानांचं काय होत असेल ह्याचा मी पुष्कळदा विचार केला आहे.

एक माणूस तेवढा तिच्या विरुद्ध होता. ते मास्टर वॉरंट ऑफिसर. तीस वर्षांच्या आसपास नोकरी झालेला, विमानाच्या आवाजावरून बिघाड ओळखणारा माणूस, पण मांजर आडवं गेलं की थांबायचा. पायलट विमानाकडं चालत निघाला आणि मनी मधून गेली, की त्यांचा चेहरा उतरायचा. मला ते हास्यास्पद वाटलं नाही, आजही वाटत नाही. ज्यानं परत न आलेली विमानं मोजलेली असतात त्याला हा अधिकार असतो.

डिसेंबरातली गोष्ट. आदल्या रात्री नाइट फ्लाइंग होतं. शेवटचं विमान दहाच्या सुमारास उतरलं. वाळवंटात त्या दिवसांत रात्री पारा शून्याजवळ जातो, आणि नुकत्याच उतरलेल्या विमानाचे ब्रेक बराच वेळ तापलेले राहतात. चाकांच्या वरची पोकळीही उबदार राहते. हे मला त्या रात्री सुचायला हवं होतं.

सकाळी चार विमानं जायची होती. फॉड वॉकला मनी नव्हती. थंडीमुळं कुठंतरी पडली असेल असं आम्ही म्हणालो. माझ्या विमानात पायलट पट्टे बांधून बसला होता, ग्राउंड पॉवर जोडलेली होती. मी शेवटची फेरी मारत लँडिंग गिअरच्या सुरक्षा पिना काढत होतो. उजव्या चाकाची पिन काढली आणि टायरवर नजर गेली. दव पडलेलं होतं, त्यावर पिठासारखी बारीक धूळ बसली होती, आणि त्या धुळीत ठसे होते. चार बोटं आणि मागं गादी. एकावर एक, वर जाणारे. खाली येणारा एकही नाही.

मिग-21 चं मुख्य चाक वर जाताना नुसतं वर जात नाही. ते वळतं आणि विमानाच्या पोटात उभं राहतं. दोन बोटंही मोकळी जागा उरत नाही.

पिन हातात धरून मी उभा राहिलो. दोन सेकंद असतील, तीन असतील. जे मनात आलं ते लिहितो. पहिला विचार मांजराचा नव्हता. आपण बोललो आणि आत काही निघालं नाही तर, हा पहिला विचार. आणि निघालं तर मनीला तळावरून घालवतील, हा दुसरा. दोन्ही बाजूंनी गप्प बसण्याचंच कारण मिळत होतं. मग वर बघितलं. पायलट माझ्याकडं बघत होता, अंगठा दाखवायची वाट पाहत. माझ्याएवढंच वय असेल त्याचं.

मी पिन परत घातली आणि दोन्ही हात डोक्यावर फुली करून धरले.

इंजिनिअरिंग ऑफिसर जीपमधून आले. "तू मांजर आत जाताना पाहिलंस?"

"नाही सर. ठसे पाहिले."

"टर्न राउंड कुणी केलं?" उतरलेलं विमान तपासून पुढच्या उड्डाणाला तयार करणं म्हणजे टर्न राउंड.

"मीच सर. रात्री. तेव्हा ठसे नव्हते."

ते खाली वाकले, ठसे पाहिले, उठले आणि पायलटला उतरायची खूण केली. चारांऐवजी तीन विमानं गेली. इजेक्शन सीटला पिना लागल्या, बॅटरी काढली, आणि आम्ही शोधायला लागलो. चाकाच्या पोकळीत हायड्रॉलिकच्या नळ्या, वायरींचे जुडगे, ब्रॅकेट अशी दाटी असते. टॉर्च मारला, काही नाही. एअर ब्रेकच्या झडपा उघडल्या, इंटेकमध्ये एक सडपातळ पोरगा शिरून पाहून आला, जेट पाइप पाहिला. काही नाही. अर्धा तास गेला. थंडीतही माझ्या मानेवरून घाम उतरत होता. कुणी काही बोलत नव्हतं, आणि तेच जास्त लागत होतं.

मास्टर वॉरंट ऑफिसर आले, त्यांनी टॉर्च घेतला आणि ते चक्क जमिनीवर उताणे झोपले. त्या वयात, त्या गार काँक्रीटवर. बराच वेळ ते टॉर्च हलवत राहिले. मग म्हणाले, "है." नळ्यांच्या मागं, चाक वर येऊन जिथं उभं राहतं बरोबर त्या जागेला लागून, दोन हिरवे ठिपके.

ती येईना. माणसांचे आवाज, उजेड, सगळ्यांनी ती आणखी आत दबली. सगळ्यांना मागं सरायला सांगितलं आणि मी घरच्यासारखी हाक मारत राहिलो, "मने, ये गं, ये बाय." शेवटी हात खांद्यापर्यंत घालून मानगूट पकडली. तिनं मनगटापासून कोपरापर्यंत ओरबाडलं. ती खूण अजून आहे. जॅकेटात गुंडाळून बाहेर काढली तर थरथरत होती. मीही.

पायलट जवळ आला. हातमोजा काढून त्यानं तिच्या कपाळावर एक बोट ठेवलं आणि तसाच निघून गेला. संध्याकाळी क्रू रूमला येऊन मला म्हणाला, "मांजर तर मेलंच असतं. पण चाक अर्ध्यात अडकलं असतं तर मी काय केलं असतं, दिवसभर तेच करून बघतोय मनात."

दुपारी अपेक्षित आदेश आला. फ्लाइट लाइनवर प्राणी नको, मांजर हलवा. आदेशात चूक काहीच नव्हती. मी पोतं आणायला निघालो होतो, खरंच. मास्टर वॉरंट ऑफिसर मला म्हणाले, थांब, आणि ते सीओ, म्हणजे कमांडिंग ऑफिसर साहेबांकडं गेले. आत काय बोलणं झालं ते मला नंतर इंजिनिअरिंग ऑफिसरांनी सांगितलं. मांजर काढलं तर उंदीर परत येतील, असं मास्टर वॉरंट ऑफिसर म्हणाले. सीओ साहेबांनी त्यांना ब्रिटिशांच्या 'अमेथिस्ट' जहाजावरच्या सायमनची गोष्ट सांगितली. 1949 मध्ये तोफगोळ्यात जखमी होऊनही जहाजावरचे उंदीर मारत राहिलेला बोका, युद्धातल्या प्राण्यांना देतात ते डिकिन पदक मिळालेलं एकमेव मांजर. मग विचारलं, "पण जबाबदारी कोण घेणार?" मास्टर वॉरंट ऑफिसर म्हणाले, "सर, आम्ही पाना मोजतो. हिलाही मोजू."

आमच्याकडं प्रत्येक हत्याराची जागा फळ्यावर रंगवलेली असते. पाना घेतला की त्याच्या जागी आपल्या नंबरची पितळी चकती अडकवायची. संध्याकाळी एक स्क्रू-ड्रायव्हर कमी भरला तरी तो सापडेपर्यंत विमान हलत नाही. दुसऱ्या दिवशी त्या फळ्याच्या शेवटी दोन नवे खिळे होते, 'आत' आणि 'बाहेर', आणि एक नवी चकती. त्यावर पंचनं ठोकून लिहिलं होतं: मनी. देवनागरीत. अक्षरं कशी काढायची ते मास्टर वॉरंट ऑफिसरांनी माझ्या मल्याळी दोस्ताकडून माझ्या वहीतून उतरवून घेतलं होतं, मला कळू न देता.

नियम साधा होता. रात्री ती स्टोअरमध्ये बंद. सकाळी फॉड वॉकला बाहेर. पहिलं इंजिन सुरू होण्याआधी कुणीतरी तिला स्वतःच्या डोळ्यांनी पाहून, क्रू रूममध्ये कोंडून चकती 'आत'च्या खिळ्यावर लावायची. चकती 'बाहेर' असेल तर ग्राउंड पॉवर जोडायची नाही. पहिले काही दिवस पोरांनी मजा म्हणून केलं. मग सवय झाली. मग पायलटच विमानाकडं जाताना फळ्याकडं बघून जायला लागले. नवीन आलेल्या प्रत्येकाला आधी तिची ओळख करून दिली जायची, आणि निरोपाच्या ग्रुप फोटोत पुढच्या रांगेत कुणाच्या तरी मांडीवर ती असायचीच. ती आडवी गेली तरी मास्टर वॉरंट ऑफिसर आता थांबत नव्हते. एकदा मी पाहिलं, ती समोरून गेली तेव्हा त्यांनी खिशात हात घातला. ते लाल फितीचं घुंगरू अजून तिथंच होतं.

2005 मध्ये माझी बदली झाली. हत्यारं मोजून दिली, सही केली, शेवटी चकतीकडं बोट दाखवून नव्या पोराला म्हणालो, हीसुद्धा. त्यानं ती स्टोअरमध्ये जाऊन पाहिली आणि मगच सही केली.

26 सप्टेंबर 2025 ला चंडीगडला मिग-21 निवृत्त झालं, तेव्हा मी गावी टीव्हीसमोर होतो. विमान जमिनीवरून उठलं, चाकं वळली, पोटात गेली, झडपा मिटल्या. माझा हात आपोआप कोपराजवळ गेला. बायकोनं ते पाहिलं. तिला मनी माझ्या पत्रांतून ठाऊक होती. तिनं विचारलं, "मांजर कुठंय?"

"आतल्या खिळ्यावर," मी म्हणालो.